पंचमीची फायनल

बाबली मेतरचं पत्र आलं त्याला सहा वर्षं झाली होती. नानांनी ते त्याच दिवशी वाचलं, पुन्हा घडी घातली आणि १९८६ सालच्या गुणवहीत ठेवून दिलं. उत्तर द्यायचं राहून गेलं, असं नानांना स्वतःशीसुद्धा म्हणता येत नव्हतं, कारण ते एक दिवसही विसरले नव्हते. दर दोन-तीन महिन्यांनी ते कोरा कागद काढत, वर तारीख घालत, 'प्रिय बाबली' लिहीत आणि थांबत. 'प्रिय' लिहावं की 'श्री.' या विचारात एकदा अख्खी सकाळ गेली होती. मग कागद फाडला जाई.

पत्र मोठं नव्हतं.

'नाना, सगळ्या मॅचचे आकडे तुम्ही ठेवलेत म्हणून तुम्हालाच विचारतो. धाकट्या मुलीच्या लग्नात व्याही चार माणसांत म्हणाले, फायनलचा बाबली तो तूच काय? सगळे हसले. मीपण हसलो. पुळणवाडीत ऐनवेळी कोणी हातपाय गाळले की बाबली झालो म्हणतात, ते मला माहीत आहे. मी खरंच फायनलला घाबरायचो का? मला घाबरल्याचं आठवत नाही. पण एवढी माणसं म्हणतात म्हणजे असेलही. तुमच्या वहीत जे असेल ते लिहा. वाईट असलं तरी चालेल.'

नाना अडले होते ते शेवटच्या वाक्यापाशी. कारण वहीत वाईटच होतं.

नाना वालावलकर तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. आयुष्यात त्यांनी बॅट हातात धरली नाही. पण अक्षर चांगलं, आणि खेळायला बोलवावं असं कोणाला वाटत नसे, म्हणून १९७६ साली मंडळाने शिमग्यात टेनिस बॉलची स्पर्धा सुरू केली तेव्हा गुण लिहायला त्यांना बसवलं. बसले ते बसलेच. पहिली एकोणीस वर्षं स्पर्धा पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, होत असे. पुढे तिथे पर्यटकांच्या होड्या आणि छत्र्या आल्या, तेव्हा ती वरच्या मळ्यात, भात कापलेल्या जमिनीवर नेली. नानांनी दोन्हीकडच्या वह्या लिहिल्या, प्रत्येक वहीला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं आणि कपाटात सालाप्रमाणे लावून ठेवल्या.

यंदा स्पर्धेला पन्नास वर्षं होत होती. मंडळाचा सेक्रेटरी अजय माघातल्या एका सकाळी मोटारसायकल अंगणात लावून थेट ओटीवर आला.

"नानांनू, स्मरणिका काढतंव. तुमचो लेख व्हयो."

"माझो?" नानांनी चष्मा काढून पुसला. "माझा कोण वाचतला रे?"

"आकडे घाला, मगे वाचतले. विषय पण ठरवलो आमी. पन्नास वर्षांतलो सगळ्यात मोठो बॉलर कोण. जुन्यातलो बाबली मेतर आणि आताचो आपलो प्रितेश. दोघांक समोरासमोर उभे करा."

"चाळीस वर्षांचा अंतर आसा दोघांत. तेव्हाची बॅट सुताराकडची, आताची दुकानातली. तेव्हा बारा षटकांत सत्तर झाले तर लोक नाचायचे."

"म्हणानच तुमका सांगतंय. दुसऱ्या कोणाक जमाचा नाय." अजय हसला. "तशी निकालाची काय भीती नाय म्हणा. फायनलाक बाबली तो बाबलीच. सोमवारी नेतंय हां. कुडाळाक छापूक द्यावचो आसा."

तो गेला. मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे विरला तरी नाना ओटीवर तसेच उभे होते. सहा वर्षं जे एका माणसाला कळवायला धीर झाला नव्हता, ते आता छापून सगळ्या गावाला वाटायचं होतं.

"हो म्हणालास मां?" आतून त्यांची बायको जानकी म्हणाली. "तुमका नाय म्हणूक येता खंय."

दोन दिवस नाना वह्यांत डोकं घालून बसले. दोन काळांतल्या माणसांची तुलना करायची तर सरळ धावा मोजून चालणार नाही, एवढं त्यांना वाचनातून माहीत होतं. प्रत्येकाला त्याच्याच काळातल्या इतरांशी ताडून बघायला हवं. म्हणून त्यांनी त्या त्या वेळच्या स्पर्धेत सगळ्या गोलंदाजांनी षटकामागे सरासरी किती धावा दिल्या ते काढलं आणि त्याला शंभर मानलं. शंभराच्या खाली जो जितका जाईल तितका तो भारी.

प्रितेशचे आकडे सरळ निघाले. साखळीत ऐंशी, फायनलला ब्याऐंशी. कुठेही खेळवा, सारखाच.

बाबलीचे साखळीत एकाहत्तर. पन्नास वर्षांत इतका कमी आकडा दुसऱ्या कोणाचा नव्हता. षटकामागे चार पूर्णांक दोन धावा, तेही एकशे पाच षटकांत. नाना क्षणभर खूश झाले. मग त्यांनी बाबलीच्या सात फायनली काढल्या. एकवीस षटकं, एकशे बावन्न धावा. आकडा आला एकशे तेवीस. म्हणजे गावातला सगळ्यात चांगला गोलंदाज फायनलच्या दिवशी साध्या गोलंदाजाहूनही वाईट. त्यांनी पुन्हा भागाकार केला. पुन्हा एकशे तेवीस.

सातांतल्या पाच फायनली बाबलीचा संघ हरला होता. १९८६ साली तर शेवटच्या षटकात समोरच्यांना चौदा हव्या होत्या आणि चेंडू बाबलीच्या हातात होता. नानांच्या वहीत ते षटक अजून तसंच होतं: चार, एक, चार, एक, चार. पाच चेंडूंत चौदा. त्याच संध्याकाळी कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं, बाबली झालो. दोन वर्षांनी बाबलीने खेळणं सोडलं, पुढे होडीही विकली आणि कसालच्या नाक्यावर चहाचं दुकान टाकलं. कसाल काही लांब नाही. तासाभराची एस.टी. पण तो पुळणवाडीच्या शिमग्याला पुन्हा आला नाही.

रविवारी सकाळी नाना वही मांडीवर घेऊन ओटीवर बसले होते. लेखाचा कागद कोराच होता. तेवढ्यात राधाबाई डोक्यावर पाटी घेऊन आली. सत्तरी उलटली तरी पाटी तिच्या डोक्यावरून हलत नसे.

"नानांनू, बांगडे आसत. उतरून घेवा."

"राधाबाय, तेंका विचारू नको," जानकी ताट घेऊन बाहेर आली. "तेंका आज मासे दिसाचे नाय. दोन दिवस नुसतो बाबली दिसता."

"मेतराचो बाबली? तो आसा मां बरो. गेल्या मंगळवारी कसालाक भेटलो. च्याय पाजल्यान, पैसे घेवक नाय." राधाबाईने पाटी खाली ठेवली. "गावची चौकशी केल्यान. तुमची पण केल्यान."

नानांनी वहीतून डोकं वर काढलं. "माझी काय?"

"नाना लिवतत का अजून, म्हणान विचारल्यान. मी सांगितलंय, लिवतत, पण कोणाक ता देवाक ठावक."

जानकी हसली. नानांनी वहीचं पान उलटलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तू बघायचंस मां गो ते मॅची?"

"बघूक कशाक जावक होया? आमी थंयच मासळी सुकत घालत होतंव. तुमचा टेबल सुरूखाली आणि आमी पुळणीर खाली, पाण्याच्या कडेक." ती बांगडे मोजता मोजता बोलत होती. "रोज सकाळची काय फिकीर नसा. पाणी खंयच्या खंय लांब. तुमचे खेळणारे झील धावान धावान मरत, चेंडू पाण्याक काय लागा नाय. पण पंचमीक फायनल म्हटला की आमचो जीव जाय. दुपारी सगळी मासळी उचलून तुमच्या टेबलाकडे हाडूची लागा. एकदा चेंडू माझ्या पाटयेत पडलो आणि तुमी चार दिलास. मी भांडलंय नाय तुमच्यावांगडा?"

ते भांडण नानांना आठवत होतं. अंपायर गोंधळला होता आणि सगळ्यांनी नानांकडे बघितलं होतं, ते त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. "पाटी पाण्यात होती म्हणान चार दिले," ते हळू आवाजात म्हणाले.

"पाटी पाण्यात नाय होती. पाटी सुक्या पुळणीर होती. पाणी पाटयेकडे इला."

नानांनी मान वर केली.

पुळणीवरच्या मैदानाची एक सीमा सुरूच्या झाडांची आणि समोरची पाण्याची. चेंडू पाण्याला लागला की चौकार. हा नियम सगळ्यांना पाठ होता, नानांना तर जास्तच, कारण असल्या चौकाराच्या पुढे ते वहीत बारीक 'पा' लिहीत. पण ती सीमा रोज एका जागी नव्हती. साखळीचे सामने सकाळी सात ते अकरा, ऊन चढायच्या आत. फायनल मात्र रंगपंचमीला दुपारी तीन वाजता, कारण पाहुणे जेवून येत. एकोणीस वर्षं त्यांनी प्रत्येक पानाच्या डोक्यावर तिथी लिहिली होती, फाल्गुन वद्य प्रतिपदा, द्वितीया, पंचमी. ती केवळ सवयीने.

"राधाबाय," नाना म्हणाले. "पंचमीक भरती किती वाजता?"

राधाबाईने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी सूर्य कुठे उगवतो ते विचारलं. "इतकी पुस्तका वाचलास आणि ह्या माका इचारतास? पाच तिथी, तेची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पावणेचार."

पावणेचार. फायनल तीनला सुरू होई आणि साडेपाचला संपे. म्हणजे अख्खी फायनल भरल्या पाण्यावर. आणि सकाळी? प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, म्हणजे सुकती, ओहोटी, सहा तास आधी, पावणेसातला. चतुर्थीला सुकती नऊला. साखळीचा प्रत्येक सामना सुकतीवर.

"किती लांब असायचा पाणी? सकाळी?"

"ऐंशी पावला तरी."

"आणि पंचमीक?"

"तीस. माझा मासळी सुकवायचा खळा वाचला तर नशीब."

नाना उठले. वही मांडीवरून पडली ती त्यांनी उचलली नाही. जानकीने उचलली. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, पण नवरा वही खाली पडलेली ठेवून चालतोय हे तिने प्रथमच बघितलं.

"काय झाला?"

"चुकलंय गो. मी सगळ्या स्पर्धेच्या सरासरीन भागलंय. पंचमीक पंचमीच्याच सरासरीन भागूक होया. सगळ्यांका मार पडलो आसतलो. एकट्या बाबलीक नाय." ते कपाटातून वह्या ओढत होते. "तू वाचशीत? माका एकट्याक वेळ लागतलो."

"बांगडे खराब होतले."

"बांगडे मी साफ करतंय मां," राधाबाई म्हणाली आणि सरळ मागच्या पडवीत गेली. तिथून सगळं ऐकायची संधी ती सोडणार नव्हती.

मग दोघं ओटीवर बसली. जानकी एकेक फायनलचं पान उघडून आकडे वाचू लागली आणि नाना लिहू लागले. शहात्तर, दोनशे एकोणपन्नास धावा. सत्याहत्तर, दोनशे बासष्ट. जानकीचा आवाज सुरुवातीला रोजच्यासारखा कंटाळलेला होता. पाचव्या वहीपासून ती स्वतःच आधी पानाच्या तळाला बघू लागली. "ह्यात पण दोनशे साठ," ती म्हणाली, आणि पुढची वही नाना मागायच्या आत उघडली. 'पा' किती ते मोजायचं कामही तिनेच घेतलं. सकाळच्या सामन्यात सरासरी दोन. पंचमीच्या फायनलला तेवीस.

"तेवीस चौकार पाण्यात," ती म्हणाली. "आणि तुमका तेव्हा कळाक नाय?"

"मी लिवत होतंय," नाना म्हणाले. हे उत्तर नव्हतं, पण खरं होतं. पुळणीवरच्या प्रत्येक माणसाला पाणी चढलेलं दिसत होतं. ते इतकं रोजचं होतं की कोणी ते आकड्यांशी जोडलंच नाही. फायनलला फलंदाज पेटतात, एवढंच सगळे म्हणत. आणि शेवटची षटकं नेहमी बाबली टाकत असल्यामुळे लोकांच्या डोळ्यांसमोर मार खाताना उरत असे तो बाबलीच.

पण नानांना आपल्या आनंदाचा भरवसा वाटेना. आपल्याला हवं तेच आपण शोधतोय असं तर नाही? फायनलला दोन्ही संघ तगडे, धावा त्यामुळेही वाढल्या असतील. पाण्यामुळेच वाढल्या हे कशावरून? ते पेन्सिल दाताखाली धरून बसले.

"त्र्याऐंशी उरला," जानकी म्हणाली. "ह्या पानार तुमी काय लिवलास ता बघा. पंचमी नाय. द्वादशी."

नानांनी वही जवळजवळ हिसकावून घेतली. १९८३ साली रंगपंचमीच्या आदल्या दिवशी गावातले एक वडीलधारे वारले होते आणि फायनल आठवडाभर पुढे गेली होती. फाल्गुन वद्य द्वादशी, दुपारी तीन.

"बारा तिथी," नाना पुटपुटले. "पाऊणपट नऊ. सकाळी नऊक भरती. म्हणजे तीनाक..."

"सुकती," पडवीतून राधाबाई ओरडली. ती बांगड्यांबरोबर सगळं ऐकत होती.

तसेच दोन तगडे संघ. तीच फायनल. फक्त पाणी ऐंशी पावलांवर. दोन्ही डाव मिळून एकशे एकवीस धावा, पाण्यात एक चौकार. आणि खाली नानांच्याच तरुण अक्षरात: बाबली मेतर, तीन षटकं, आठ धावा, चार बळी. संघ जिंकला होता. गाव तेव्हा म्हणालं होतं, नशिबाने लागला एकदा.

नानांनी शेवटची बेरीज दोनदा केली आणि तिसऱ्यांदा जानकीकडून करून घेतली. भरतीच्या अठरा फायनलींत सगळ्यांची सरासरी षटकामागे दहा पूर्णांक सहा. त्यांतल्या बाबलीच्या सहा, अठरा षटकं, एकशे चव्वेचाळीस धावा, म्हणजे षटकामागे आठ. इतर शंभर देत तिथे बाबली पंचाहत्तर. मग सकाळचं सकाळच्या सरासरीने भागलं. सगळ्यांची पाच पूर्णांक सहा, बाबलीची चार पूर्णांक दोन. पंचाहत्तर.

"सकाळी पंचाहत्तर," नाना म्हणाले, "आणि पंचमीक पंचाहत्तर." ते उठून ओटीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले. जानकीने पंचेचाळीस वर्षांत त्यांना असं येरझाऱ्या घालताना बघितलं नव्हतं. वाचनालयाला आग लागल्याची खोटी बातमी आली होती तेव्हासुद्धा ते खुर्चीतच बसून राहिले होते.

"बसा बघू. पडशात."

"घाबराक नाय गो तो. एकदा पण."

राधाबाई हात पुसत बाहेर आली. "ह्या सांगूक एवढी पुस्तका लागली? माका विचारलास असता तर."

"विचारला मां," नाना म्हणाले, "पण उशिरा."

सोमवारी अजय आला तेव्हा लेख तयार होता. तो उभ्यानेच वाचू लागला, मग बसला, मग मोटारसायकलची चावी खाली ठेवली.

"म्हणजे बाबली प्रितेशापेक्षा मोठो?"

"थोडो. पंचाहत्तर आणि ऐंशी. पण बाबलीची भरतीची षटका अठराच आसत, तां पण लिवलंय. मळ्यात बाबली कसो टाकतो आणि पुळणीर प्रितेश कसो, तां माका सांगूक येवचा नाय." नाना म्हणाले. "माझा कायतरी चुकला पण आसात. कोणीतरी तपासून बघा."

"तुमचा चुकाचा?" अजयने पाण्याच्या चौकारांचा तक्ता पुन्हा वाचला. "आणि आमी इतकी वर्सा म्हणतंव, बाबली झालो. परवाच मी प्रितेशाक म्हणालंय, कॅच सोडल्यान तेव्हा. आता काय म्हणूचा?"

"भरती इली म्हणा," जानकी आतून म्हणाली.

अजय हसला. मग त्याने लेखाची घडी घातली. "तो येयत काय हो शिमग्याक? बोलावलंव तर?"

"तां तू विचार. माका आधी दुसरा काम आसा."

अजय गेल्यावर नानांनी कोरा कागद घेतला. तारीख घातली. 'प्रिय बाबली' लिहिलं आणि या वेळी पेन थांबलं नाही.

'तुझं पत्र सहा वर्षं माझ्याकडे आहे. उत्तर दिलं नाही, कारण वहीत वाईट दिसत होतं आणि ते लिहायचा मला धीर नव्हता. वाईट दिसत होतं ते माझ्या चुकीने. मी भरती मोजली नव्हती. तू घाबरत होतास की नाही हे कोणत्याच वहीत नसतं, त्यामुळे ते मी सांगू शकत नाही. पण तू सकाळी जसा टाकत होतास तसाच पंचमीला टाकत होतास. सगळा हिशेब सोबत जोडला आहे. त्र्याऐंशीचं पान आधी बघ. त्यात तू सगळ्या मिळून सात धावा... ' इथे त्यांनी खोडलं, कारण आकडा आठवणीतून लिहिला होता. मग पुढे लिहिलं: 'शहाऐंशीच्या शेवटच्या षटकातले तिन्ही चौकार पाण्यात गेले. तिन्हींपुढे माझ्या अक्षरात "पा" आहे. मीच लिहिलं आणि मीच वाचलं नाही. मला माफ कर.'

खाली त्यांनी फक्त 'नाना' लिहिलं. मग हिशेबाची चार पानं घडी करून आत घातली, पाकीट चिकटवलं आणि कसालचा पत्ता घातला. पिनकोड जुन्या पाकिटावरून दोनदा ताडून घेतला.

"जेवून जावा," जानकी म्हणाली.

"अडीचाक पेटी उघडतत. उद्यार जायत मगे."

"सहा वर्सा गेली, उद्याचा काय?"

पण नानांनी चपला घातल्या होत्या. पोस्ट पाच मिनिटांवर, पण ते चालता चालता जवळजवळ पळत होते. लाल पेटीपाशी पोस्टमन चावीचा जुडगा घेऊन येतच होता.

"आणा नाना, हातात द्या. आता पिशवीतच घालायचंय."

"नको," नाना म्हणाले. "पेटीत टाकतो."

पोस्टमन थांबला. नानांनी पाकीट पेटीच्या तोंडात धरलं, पत्ता एकदा वाचला आणि सोडलं. आत तळाला पडल्याचा आवाज आला. मग पोस्टमनने पेटी उघडली, एकुलतं एक पाकीट उचललं, वरचं नाव वाचलं आणि पिशवीत टाकलं.

"कसाल. उद्या मिळेल," तो म्हणाला.